‘वाइड’ला सगळं फोकसमध्ये? जरा थांबा!

‘अरे, पॉइंट फाइव्हवर टाक ना, सगळे येतील!’ ग्रुप फोटो असो, एखादी जुनी माडी असो नाहीतर अलका चौकातली मिरवणूक, हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकलंय किंवा स्वतः म्हटलंय. कॅमेरावाल्यांकडे याच वाक्याचा मोठा भाऊ असतो : ‘वाइड लावलीये, फोकसची चिंता नको.’ सगळे येतील, हे खरं. फोकसची चिंता नको, हे मात्र अर्धंच खरं. उरलेलं अर्धं कळतं तेव्हा आपण घरी लॅपटॉपवर फोटो मोठा करून बघत असतो.

मिरवणूक पुढच्या वर्षी पुन्हा येते. वाडा येत नाही. नारायण पेठेत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोदी गणपती, पत्र्या मारुती, केसरीवाडा या पट्ट्यात नुसती चक्कर मारली तरी दिसतं. कुठे जुन्या दिंडी दरवाजाला लागून पार्किंगवाली नवी इमारत, कुठे नुसतेच हिरवे पत्रे ठोकलेले. म्हणून सध्या आमच्यासारखी बरीच पोरं रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन पेठेत फिरतात. उरलेलं टिपून ठेवायचं, एवढाच हेतू. आणि इथं फोटो काढायचा म्हणजे वाइड अँगल लागतोच. हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून. त्यामुळे ही लेन्स नेमकी कुठे साथ देते आणि कुठे दगा देते, हे माहीत असलेलं बरं.

पाठ भिंतीला, वाडा समोर

आधी साधं गणित. समजा गल्ली चार मीटर रुंद आहे. तुम्ही समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे आहात आणि वाड्याची दर्शनी बाजू, खालचा जोता आणि वरची माडी धरून सात मीटर उंच आहे. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरला आणि ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर चार मीटरवरून फ्रेममध्ये जेमतेम २.९ मीटर उंची मावते. म्हणजे दरवाजा आला, गणेशपट्टी आली, माडी गेली. २४ मिलिमीटरला सहा मीटर. तरीही छप्पर कापलं जातंय. १६ मिलिमीटर लावली की नऊ मीटर. हुश्श, आला सगळा वाडा! (वाडा पूर्ण यावा म्हणून कॅमेरा वर तिरका केलात, तर भिंती आत झुकतात. तो वेगळा लोचा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

पण नऊ मीटर आलं कुठे? त्याच सेन्सरवर. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर उंचीच्या बाजूला ६००० पिक्सेल मिळतात. तेवढ्यातच २.९ मीटरही बसतात आणि नऊ मीटरही. खांबावर कोरलेल्या केळफुलाची एक पाकळी दोन सेंटिमीटरची आहे असं धरा. ५० च्या लेन्सला तिच्या वाट्याला साधारण ४१ पिक्सेल येतात. १६ च्या लेन्सला १३. लेन्स कितीही महाग घ्या, हा हिशेब बदलत नाही. वाइडचा फोटो मोठा केल्यावर ‘शार्प नाहीये यार’ असं जे वाटतं, त्यातला बराच दोष लेन्सचा नसतोच. लांबचा तपशील मुळात इतका बारीक झालेला असतो की त्याला पिक्सेलच पुरत नाहीत. आणि म्हणूनच वाइडमध्ये फोकस थोडा चुकला तरी तो जास्त छळतो. चार पिक्सेलचा धूसरपणा ४१ पिक्सेलच्या पाकळीला सहन होतो, १३ पिक्सेलच्या पाकळीची मात्र तो रया घालवतो.

‘फोकसमध्ये’ म्हणजे नक्की किती?

काटेकोर बोलायचं तर कुठलीही लेन्स एकाच अंतरावर फोकस होते. त्याच्या पुढेमागे सगळं हळूहळू धूसर होत जातं. धूसरपणा डोळ्यांना जाणवत नाही तिथपर्यंतच्या पट्ट्याला आपण डेप्थ ऑफ फील्ड म्हणतो. आता ‘जाणवत नाही’ हे कोणी ठरवलं? फिल्मच्या काळात एक ढोबळ मर्यादा रूढ झाली. ३५ मिलिमीटर फिल्मवर एखादा बिंदू पसरून ०.०३ मिलिमीटरचा ठिपका झाला, तरी चालेल. का चालेल? कारण साधारण आठ बाय दहा इंचांचा प्रिंट हातात धरून बघितला, तर एवढा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो.

डेप्थ ऑफ फील्डची बहुतेक अ‍ॅप्स, तक्ते, लेन्सवरच्या खुणा आजही याच मापावर चालतात. पण आपण आता प्रिंट हातात धरत नाही, स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो ताणतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे अ‍ॅप ज्याला ‘शार्प’ म्हणतंय, तो बिंदू प्रत्यक्षात पाच पिक्सेलभर पसरलेला असू शकतो. अ‍ॅप खोटं बोलत नाही, फक्त ते प्रिंटच्या जमान्यातलं खरं बोलतं.

याचा फटका बसतो तो हायपरफोकल डिस्टन्स या लाडक्या युक्तीला. फोटोग्राफीच्या पहिल्याच वर्कशॉपमध्ये ती शिकवतात. ठरावीक अंतरावर फोकस करा, म्हणजे त्याच्या निम्म्या अंतरापासून ते थेट क्षितिजापर्यंत सगळं शार्प. सूत्र सोपं आहे. फोकल लेंग्थचा वर्ग करायचा, त्याला अ‍ॅपर्चरचा आकडा गुणिले ०.०३ ने भागायचं. २४ मिलिमीटर आणि एफ/८ ला उत्तर येतं २.४ मीटर. १६ मिलिमीटरला जेमतेम १.१ मीटर. म्हणजे १६ च्या लेन्सवर १.१ मीटरला फोकस करून ठेवलात, की साधारण अर्ध्या मीटरपासून पुढे सगळं ‘फोकसमध्ये’. ऐकायला भारी वाटतं. पण आपला वाडा चार मीटरवर आहे. या सेटिंगला वाड्यावरचा प्रत्येक बिंदू साडेतीन पिक्सेलच्या आसपास पसरतो. आणि आपली पाकळी १३ पिक्सेलची! फोकस थेट वाड्यावर केला असता, तर हा धूसरपणा टळला असता. पुढ्यातली फरशी थोडी मऊ झाली असती, एवढंच.

माझं मत सरळ आहे. डोंगर, धरण, सूर्यास्त अशा फोटोंना हायपरफोकल ठीक. ज्यासाठी फोटो काढताय ती एकच गोष्ट असेल, तर फोकस तिच्यावरच करा. बाकीच्यांना सांभाळायला एफ/८ आहेच.

पुढून माफी, मागून नाही

आता एक गंमत, जी मला हा विषय वाचायला लागेपर्यंत कधी सुचलीच नव्हती. वाइड लेन्स ‘माफ करते’ ती पुढच्या बाजूला, म्हणजे आपल्या जगात. लेन्सच्या मागे, सेन्सरच्या बाजूला, ती कुणालाच माफ करत नाही.

२४ मिलिमीटरच्या लेन्सला क्षितिजावरून दोन मीटरवर फोकस आणायचा असेल, तर आतली काच फार हलावी लागत नाही. साध्या भिंगाच्या हिशेबाने जेमतेम ०.३ मिलिमीटर. ५० च्या लेन्सला त्याच कामाला सुमारे १.३ मिलिमीटर लागतात. म्हणजे वाइडमध्ये सगळं जग अगदी इवल्याशा हालचालीत मावलेलं असतं. आता लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर ०.०५ मिलिमीटरने चुकलं असं समजा. लेन्स कधीतरी पडली, माउंट सैल झाला, स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर लावला, काहीही. ०.०५ म्हणजे केसाच्या जाडीएवढं किंवा त्याहूनही कमी. तेवढ्याने ५० च्या लेन्सचा फोकस क्षितिजावरून ५० मीटरवर येतो. २४ चा साडेअकरा मीटरवर. १६ चा पाच मीटरवर! रिंगवर अनंताची खूण आहे आणि फोकस समोरच्या दुकानाच्या पाटीवर. एफ/८ ला ही चूक जवळजवळ लपून जाते, एफ/२.८ ला तीन पिक्सेल धूसर होऊन दिसते. जुनी वाइड लेन्स सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. रिंग अनंतावर फिरवून निवांत राहू नका, स्क्रीनवर मोठं करून बघा.

ऑटोफोकसच्या बऱ्याच लेन्सची रिंग तर मुद्दाम अनंताच्याही पुढे जाते, कारण तापमानाने काच आणि धातू थोडे प्रसरण-आकुंचन पावतात. रिंग पूर्ण फिरवली म्हणजे लांबचं शार्प, हा आणखी एक गोड गैरसमज.

थोडा इतिहासही सांगते, कारण त्यातूनच ‘कोपरे मऊ का?’ याचं उत्तर मिळतं. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलतो. त्यामुळे लेन्सला फिल्मपासून लांब राहावं लागतं. निकॉनच्या एफ माउंटला हे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफला ४४. आता २४ मिलिमीटरची लेन्स ४६ मिलिमीटर लांब बसवायची कशी? उपाय निघाला तो दुर्बीण उलटी धरल्यासारखा. पुढे प्रकाश फाकवणारी काच, मागे गोळा करणारी. फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने १९५० मध्ये ३५ मिलिमीटरची अशी लेन्स ‘रेट्रोफोकस’ या नावाने आणली आणि पुढे तो सगळ्या प्रकाराचाच शब्द झाला. पण पुढचामागचा हा तोल बिघडला की कोपऱ्यातले किरण नीट एकत्र येत नाहीत, विशेषतः जवळचा फोटो काढताना. १९६७ मध्ये निकॉनने २४ मिलिमीटर एफ/२.८ मध्ये फोकस करताना आतल्या काचांच्या गटांमधलं अंतरही बदलेल अशी सोय केली आणि जवळच्या अंतरावरचे कोपरे सुधारले. आता मिररलेसमध्ये आरसाच गेला. निकॉन झेडचं अंतर १६ मिलिमीटर, सोनी ईचं १८, कॅनन आरएफचं २०. नव्या वाइड लेन्स कोपऱ्यात बऱ्या दिसतात त्यामागचं एक मोठं कारण हेच.

चादर आणि परात

फोकसचं प्रतल म्हणजे तुमच्यासमोर ताणून धरलेली अदृश्य चादर. चादरीवर जे आलं ते शार्प. निदान पुस्तकात तरी असंच असतं. खऱ्या वाइड लेन्समध्ये ती चादर बऱ्याचदा परातीसारखी वाकलेली असते. मधला भाग वाड्याच्या भिंतीवर आणि कडा भिंतीच्या पुढे किंवा मागे. सपाट भिंतीचा फोटो काढलात तर मधला दरवाजा कडक आणि टोकाचे खांब मऊ. लेन्स वाईट आहे म्हणून नव्हे, परात वाकडी आहे म्हणून.

दुसरा घोळ आपल्या सवयीचा. मधल्या पॉइंटने फोकस लॉक करायचा आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम लावायची. ५० किंवा ८५ च्या लेन्सला कॅमेरा थोडासाच वळतो, फारसं बिघडत नाही. वाइडला माणूस कडेला न्यायचा म्हणजे कॅमेरा ३० अंश सहज वळतो, आणि त्याच्याबरोबर चादरही वळते. माणूस दोन मीटरवर असेल तर चादर त्याच्या मागे २७ सेंटिमीटर जाऊन पडते. चेहरा मऊ, पाठीमागचा खांब कडक. त्यापेक्षा फोकस पॉइंटच माणसावर सरकवा. दोन सेकंद जातात, जाऊ द्या.

तिसरं, कॅमेऱ्याच्या किट झूमबद्दल. ५५ वर झूम करून फोकस करायचा आणि मग १८ वर येऊन फोटो काढायचा, ही ‘ट्रिक’ बरेच सीनियर सांगतात. फोटोच्या बहुतेक झूम लेन्समध्ये झूम फिरवला की फोकसही थोडा सरकतो. सिनेमाच्या महागड्या झूममध्ये तो जागेवर राहील अशी खास रचना केलेली असते. आपल्याकडे ती नसते. १८ वरच काढायचंय, तर १८ वरच फोकस.

घरची परीक्षा : हाच पेपर घ्या

तुमची लेन्स कशी आहे हे बघायला लॅब नको. या पेपरचं मोठं पान पूर्ण उघडून भिंतीला चिकटवा, जमल्यास चार पानं शेजारी शेजारी. ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवा, टायमर लावा. मध्यावर फोकस करून एफ/२.८ (किंवा तुमच्या लेन्सचा सर्वांत लहान आकडा), एफ/५.६, एफ/८, एफ/१६ असे चार फोटो काढा. मग फोकस कोपऱ्यातल्या अक्षरांवर नेऊन पुन्हा तेच चार. आता लॅपटॉपवर अक्षरं वाचा.

कोपऱ्यावर फोकस केल्यावर कोपरा वाचता आला, पण मधलं गेलं? तुमची परात वाकडी आहे. कोपऱ्यावर फोकस करूनही मोठ्या अ‍ॅपर्चरला कोपरा वाचता येत नाही? मग तो त्या लेन्सचा स्वभाव, एफ/८ पर्यंत गेलात की बराचसा सुधारेल. डावा कोपरा कडक आणि उजवा मऊ? कॅमेरा खरंच समांतर होता का ते आधी तपासा. असेल तर आतली एखादी काच केंद्रापासून सरकलेली आहे. लेन्स नवी असेल तर बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत दुकान गाठा. आणि एफ/१६ चा फोटो सगळीकडेच एफ/८ पेक्षा थोडा मऊ दिसला तर घाबरू नका. भोक फार लहान झालं की प्रकाश कडेला वळून पसरतो. ‘अजून शार्प हवंय म्हणून एफ/२२’ करणाऱ्या मित्राला हे दोन फोटो दाखवा.

ताशाच्या पुढ्यात

मिरवणुकीत मात्र ही सगळी शिस्त गुंडाळून ठेवावी लागते. विसर्जनाची रात्र, लक्ष्मी रस्त्याने पथकं अलका चौकाकडे सरकतायत, मागे हटायला जागा नाही, पुढे ताशावाला दीड मीटरवर. प्रकाश कमी म्हणून एफ/२.८, लेन्स २४. ‘वाइड आहे, सगळं येईल फोकसमध्ये’ हा भरवसा इथे पार कोसळतो. दीड मीटरवर फोकस असेल तर १.२ ते १.९ मीटर एवढाच पट्टा चालण्यासारखा. आणि कॅमेऱ्याने ताशावाल्याऐवजी मागच्या झगमगत्या एलईडी भिंतीवर, आठ मीटरवर फोकस धरला, तर त्याच्या डोळ्यावरचा प्रत्येक बिंदू सुमारे १८ पिक्सेल पसरतो. फोनवर शेअर केलात तर कळणारही नाही. पेपरात लहान छापला तरी चालेल, न्यूजप्रिंट खूप काही पोटात घालतो. मोठा प्रिंट काढलात की पापण्या गायब.

कॅमेरा असं का करतो? वाइडमध्ये माणूस फ्रेमच्या मानाने लहान असतो, फोकसच्या चौकोनात त्याच्याबरोबर मागचं दृश्यही घुसतं. मागे लखलखाट असेल, तर कॅमेऱ्याला ते सोपं सावज. हवेत गुलाल उधळला की आणखी गोंधळ. डोळा ओळखणारा मोड असेल तर तो लावा, नसेल तर सर्वांत लहान चौकोन निवडून चेहऱ्यावर ठेवा. दिवसा, उजेड भरपूर असताना, याच्या उलट करता येतं. एफ/८, फोकस दोन मीटरवर मॅन्युअल, टेप लावून थांबवलेली रिंग, आणि मग फक्त पावलांनी अंतर सांभाळायचं. टिपरू हवेत थांबलेलं हवं असेल तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी ठेवा, नाहीतर हातांचा नुसता धूर दिसतो.

फोनवाल्यांसाठी दोनच गोष्टी. बऱ्याच फोनच्या ०.५ कॅमेऱ्याला फोकसच नसतो, कारखान्यातच एका अंतरावर बसवलेला असतो. आयफोन ११ ला तसाच होता, १३ प्रो पासून त्यात ऑटोफोकस आला. आणि त्या कॅमेऱ्याच्या कडा सॉफ्टवेअर ताणून सरळ करतं, म्हणून कडेचे मित्र रुंद आणि मऊ दोन्ही दिसतात. ज्याचा वाढदिवस आहे त्याला मध्ये उभं करा.

मग घ्यायची कोणती?

माझ्या ग्रुपमध्ये सध्या हप्त्यावर १० किंवा १६ मिलिमीटरची अल्ट्रावाइड घ्यायचं वेड आहे. मला ते पटत नाही. तुमच्या किट लेन्सचं १८ मिलिमीटरचं टोक लहान सेन्सरवर फुल फ्रेमच्या २७-२९ सारखं दिसतं, पेठेतल्या अर्ध्याअधिक कामाला ते पुरतं. उरलेल्या कामासाठी पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्यावर मिळतात. पैसे टाकायचेच असतील तर आधी साधी ५० एफ/१.८ घ्या. वाडा टिपायचा तर तीच खरी कामाची आहे. आधी वाइडने पूर्ण दर्शनी बाजू, एफ/८, फोकस थेट भिंतीवर. वाटलं तर दुसरा फोटो कोपऱ्यातल्या खांबावर फोकस करून. मग ५० लावून गणेशपट्टी, महिरप, केळफुलं, कोनाडे एकेक करून, कारण ४१ पिक्सेलची पाकळी तिथेच मिळणार आहे. चौकात उभं राहून वर माडीचा कठडाही घ्या, तो बहुतेक जण विसरतात.

निघण्याआधी मालकांच्या ओटीवर बसून प्रत्येक फोटोचे चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा. चहा आलेला असतोच, तेवढा वेळ मिळतो. आणि बॅटऱ्या दोन न्या. जुन्या वाड्यात चालू प्लग पॉइंट शोधण्यात अर्धा तास जातो.